मोरदऱ्याचा बेचाळिसावा खांब

भैरोबाची आण घेऊन सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. ज्या खांबाला मी पाठ टेकून बसलोय, त्या खांबाची शपथ. खोटं बोललो तर वरचं कौल माझ्याच टाळक्यात पडो.

जरा पुढे सरकून बसतो. कौलांचा काही भरवसा नाही.

म्हणजे गोष्ट खरीच आहे. पण ती मला माझ्या चुलत्यांनी सांगितली, आणि आमचे चुलते आयुष्यात एकदाच खरं बोलले होते. ते नेमकं कधी, हे त्यांनी कुणालाही कळू दिलं नाही. त्यांना ती त्यांच्या आत्याने सांगितली. ती आत्या अर्धवट ऐकू येणारी. तेव्हा इकडचा शब्द तिकडे झाला असेल तर तो तिच्या कानांचा दोष. माझ्या पदरचं यात एकच आहे. ते कुठलं, हे शेवटी सांगेन. मधे विचारायचं नाही.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची? ही समोरची चिंच आहे ना, तिचा चिंचोका तेव्हा कुणाच्या तरी गालात होता, इतक्या वर्षांपूर्वीची. आपलं मोरदरा गाव तेव्हाही घाटाच्या माथ्यावर होतं आणि भैरोबाचं देऊळही इथेच होतं. पण ही ओवरी नव्हती. म्हणजे आता आपण जिथे बसलोय, मागे भिंत, पुढे खांबांची रांग, वर छप्पर आणि समोरची बाजू आरपार उघडी, ना दार ना कडी, येईल त्याने टेकावं असं हे, यातलं काहीच नव्हतं. नुसता फुफाटा होता.

आणि जत्रा चैत्रात. बारा गावांची माणसं यायची आणि उन्हात भाजून निघायची. कोंबडी खायला आलेले पाहुणे स्वतःच भाजून निघतात, असं लोक म्हणायचे. सगळ्यांत जास्त म्हणायचे ते खालच्या शेलवंडीचे. त्यांच्याकडे म्हणच पडली होती : ‘मोरदऱ्याला जायचं तर आपलं छप्पर डोक्यावर घेऊन जा.’ एका वर्षी शेलवंडीचे पन्नास जण खरोखरच डोक्यावर एकेक सूप धरून जत्रेला आले. देवाच्या दारातून सुपांची मिरवणूक काढली त्यांनी! पाटलांना त्या रात्री जेवण गेलं नाही, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी गाव जमवलं आणि सांगितलं, देवाच्या अंगणात ओवरी बांधायची. गावात घरं एक्केचाळीस. प्रत्येक घराने एक खांब द्यायचा.

आता चूक कुठे झाली बघा. पाटलांनी खांब द्यायला सांगितला. केवढा, ते सांगायचं राहिलं.

झालं. दुसऱ्या गावात लोक अशा वेळी हात आखडता घेतात. आमच्या गावाची खोड उलटी. समोरच्या घराने पाच हातांचा साग आणला, म्हणून शेजाऱ्याने साडेपाच हातांचा आणला. त्याच्या भावकीने सहा हातांचा. रायाजी म्हणून गावात एक बडी असामी होती. आडनाव मला आठवत नाही. त्याचा वंशही पुढे बुडाला, त्यामुळे कुणाला राग यायचं कारण नाही. तर या रायाजीने रानातून तब्बल सात हातांचा खांब सहा बैल लावून आणला आणि वाजतगाजत देवासमोर टाकला. उलट बायजा नावाची एक एकटी म्हातारी होती. तिच्या घरात लाकूड म्हणून एकच होतं, शेळी बांधायचा खुंट. साडेतीन हातांचा. तिने तो धुऊन पुसून, हळद लावून आणला. शेळी त्या दिवशी गावभर मोकळी फिरली.

असे एक्केचाळीस खांब अंगणात पडले. त्यात एकाची उंची दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. मग सुतार आणला. तो म्हणाला, सगळे खांब सर्वांत आखूड खांबाएवढे कापतो. गाव अंगावर धावून गेलं त्याच्या.

“देवाला वाहिलेल्या खांबाला करवत? उद्या नवसाच्या बोकडाचे पाय कापून आमी घरला न्यायचे काय?”

दुसरा सुतार म्हणाला, साडेतीन हातांवर छप्पर आलं तर लोकांना रांगत जावं लागेल. तेव्हा आखूड खांब टाकून द्या. बायजा जाऊन आपल्या खुंटावर बसली आणि संध्याकाळपर्यंत उठलीच नाही. तो सुतारही परत गेला. तिसरा सुतार वेशीवरूनच माघारी फिरला.

दोन वर्षं खांब तसेच पडून राहिले. त्यांच्यावर कुत्री झोपायची, पोरं घसरगुंडी खेळायची. शेलवंडीला नवीन म्हण मिळाली : ‘भैरोबाच्या अंगणात सरपण वाळतंय.’

आणि मग एका दुपारी गेणबा आला.

तेव्हा त्याला गेणबा कुणी म्हणत नव्हतं. गेणू सुतार. फिरस्ता माणूस. एक बैल, बैलावर हत्यारांचं ओझं, खांद्यावर करवत, आणि मागून डोक्यावर पाटी घेतलेली त्याची बायको ठकू. गेणू उंचीने तीन हात. त्यावर एक बोट नाही. त्याची करवत त्याच्याहून लांब होती. पाटील पारावर बसले होते. ते म्हणाले, “काय रं, तू करवतीला घिऊन आलास का करवत तुला?”

“चढाला मी तिला आणतो, पाटील,” गेणू म्हणाला. “उताराला ती मला आणते.”

आणि तो सरळ अंगणात गेला. एकेका खांबाजवळ उकिडवा बसे, बोटाच्या पेराने वाजवी, कान लावी. लाकूड बोलतं आणि गेणूला ते समजतं, असं म्हणतात. कोणत्या झाडाला कोणत्या साली पाणी कमी पडलं, हे तो खांब वाजवून सांगायचा. सगळे खांब ऐकून झाल्यावर तो बायजाच्या खुंटाशेजारी पाठीला पाठ लावून उभा राहिला आणि हसला. “ह्यो माझ्यापेक्षा उंच हाय की!”

मग पाटलांना म्हणाला, “ओवरी बांधतो. एकबी खांब कापायचा न्हाई, एकबी टाकायचा न्हाई.”

रायाजी म्हणाला, “मग छप्पर काय उंटाच्या पाठीवाणी करतोस?”

“छपराची कड पाण्यावाणी सरळ. का वो, खांबाखाली तळखडा असतो का न्हाई? खांब ज्याच्यावर उभा ऱ्हातो त्यो दगड?”

“असतो.”

“त्यो दगड कुणी देवाला वाहिलाय?”

“न्हाई.”

“मग कमीजास्त त्यो करू. ज्याचा खांब उंच, त्याचा दगड पातळ. ज्याचा आखूड, त्याचा दगड उंच. वर कड येकच.”

दोन वर्षं सगळं गाव खांबांच्या शेंड्यांकडे बघत होतं. बुडाकडे कुणी बघितलंच नव्हतं. आमच्या गावात आजही कुणी कुणाला हिणवायला लागला की म्हातारी माणसं एवढंच म्हणतात : आखुडाला उंच दगड. पुढे काही बोलावं लागत नाही.

पाटलांनी विचारलं, मजुरी काय घेशील? तेव्हा ठकू पहिल्यांदा बोलली. तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली. पाटीत तीन काळे दगड. चुलीचे.

“चौदा वर्सं झाली, पाटीलबाबा. एकतीस गावं झाली. जिथं काम तिथं हे तीन दगड मांडायचे, काम सरलं की परत उचलायचे. एकदा बी ह्यांना माती लावून लिंपता आलं न्हाई. मजुरी नगं. चूल लिंपायला जागा द्या.”

पाटलांचा जीव हलला. ते म्हणाले, “ओवरी उभी ऱ्हायली की घर तुमचं, आन् तुमी गावचे सुतार. भैरोबाम्होरं शब्द.” सगळ्या पंचांनी माना डोलावल्या. रायाजीने डोलावली की नाही यावर आजही दोन मतं आहेत. माझं मत, त्याने डोलावली, पण आडवी.

अकरा महिने काम चाललं. ओढ्यातून दगड निघाले, खालच्या खोऱ्यातून दोन पाथरवट आले. गेणू पाण्याने भरलेली नळी घेऊन सपाटी बघायचा, दोरी धरायचा, आणि दगडावर कोळशाने रेघ मारायचा. रायाजीच्या सात हाती खांबाखाली चार बोटांची फरशी आली. बायजाच्या खुंटाखाली साडेतीन हात चार बोटांचा दगड आला, असा घडवलेला, की देवळाच्या कळसालाही त्याचा हेवा वाटावा. आजही जा आणि बघा. सगळ्या ओवरीत देखणा तळखडा तोच आहे. शेळ्या अजून त्याला अंग घासून जातात. त्यांना त्यांचा खुंट कळतो, असं म्हणतात.

गेणूने जागा आखल्या त्या मात्र बेचाळीस. एक्केचाळीस गावाच्या आणि एक मधली, रायाजीच्या खांबाशेजारची, स्वतःची. त्या जागेसाठी त्याने जांभळाचा एक खांब आपल्या हाताने तासून ठेवला होता. रोज काम सुटलं की तो त्यावर एकदा हात फिरवायचा.

रायाजीने तो खांब बघितला आणि विचारलं, “ह्यो कुणाचा?”

“माझा.”

“घर येक, खांब येक असं ठरलंय. ज्याची चूल गावात न्हाई, त्याचा खांब ओवरीत न्हाई.”

गेणू वाद घालणाऱ्यातला नव्हता. तो म्हणाला, “मग जागा मोकळी सोडतो. चूल लिंपली की खांब लावीन.” आणि त्याने त्या ठिकाणी वरून एक लांब तुळई टाकली, एका खांबावरून थेट मोकळ्या जागेपलीकडच्या खांबावर. मध्ये आधार नाही. बाकी सगळीकडे चार हातांवर खांब, तिथे आठ हात मोकळं. तुळई तेवढा भार काही दिवस सहज पेलेल, हे त्याला ठाऊक होतं. माणसं तिच्यावर चढतील, हे त्याला ठाऊक नव्हतं.

चैत्र आला. कौलं चढली. जत्रेच्या सकाळी ओवरी झाडून सारवून तयार होती. छपराची कड अशी, की तिच्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो कुठे जावं या विचारात तिथेच सुकून जाईल. बारा गावं आली आणि सावलीत बसली. शेलवंडीचे लोकही आले. त्या वर्षी त्यांच्या डोक्यावर सुपं नव्हती. तोंडात शब्दही नव्हते. आमच्या गावाच्या छात्या त्या दिवशी बंडीत मावत नव्हत्या. आज सांगतानाही माझी मावत नाही. ही बघा, गुंडी तुटली.

गेणू आणि ठकू पाटलांसमोर जाऊन उभे राहिले. काही मागितलं नाही. नुसते उभे राहिले.

रायाजी म्हणाला, “उभी ऱ्हायली म्हंजे काय? काल उभी ऱ्हायली. उद्या पडली तर? येक पावसाळा जाऊ द्या. उपऱ्याला घर द्यायचं म्हंजे काय पान खायला द्यायचंय?”

पाटील आपल्या जोड्यांकडे बघत राहिले. बाकीचे पंच देवाकडे बघत राहिले. मी आमच्या गावाबद्दल अभिमानाने सांगतोय, म्हणून हेही सांगतो : त्या क्षणी एक्केचाळीस घरांतला एक माणूस बोलला नाही. बायजा बोलली असती, पण तिला कुणी बोलावलंच नव्हतं.

गेणू एवढंच म्हणाला, “बरं.” ठकूने पाटी भरली. एकतीस गावांत तिने ते दगड मुकाट्याने उचलले होते. त्या दिवशी म्हणे एकेक दगड उचलताना तिने त्यावरची काजळी पदराने पुसली. बैल पुढे निघाला आणि दोघं वेशीकडे चालू लागली.

इकडे अंगणात कुस्त्या सुरू झाल्या. आता माणसाचा स्वभाव बघा. कुस्ती बघायला सगळ्यांत चांगली जागा कोणती? जिथे मध्ये खांब आड येत नाही ती. सगळी गर्दी त्या आठ हातांच्या मोकळ्या जागेत लोटली. पुढे म्हाताऱ्या, मांडीवर पोरं. अगदी मधोमध रायाजीची आई, पाटावर बसून. नव्वदीची बाई, पण कुस्तीचा नाद असा की पंचांना डाव सांगायची. आणि खाली जागा उरली नाही तेव्हा शेलवंडीची मंडळी वर चढली. छपरावर. नेमकी त्याच जागी. तीसेक गडी कौलांवर उकिडवे बसले आणि प्रत्येक डावाला उठून नाचू लागले.

गेणू वेशीपर्यंत पोचला होता. अंगणात हलगी कडाडत होती, लोक ओरडत होते. त्या सगळ्या कालव्यात त्याने एक बारीकसा आवाज ऐकला. कर्र.

तो थांबला. ठकूला म्हणाला, “माझी तुळई बोलली.”

“बोलू द्या,” ठकू म्हणाली. “त्यांची हाय आता.”

पुन्हा आवाज आला. कर्र. गेणू माघारी पळत सुटला. आखूड पायांचा माणूस तो. पण त्या दिवशी त्याची सावलीसुद्धा मागे राहिली आणि धापा टाकत नंतर येऊन पोचली, असं म्हणतात. ठकू डोक्यावर पाटी घेऊन त्याच्या मागे.

तो गर्दीत शिरला. वर तुळई वीतभर वाकली होती आणि मधोमध तिला केसाएवढी चीर गेली होती. कुणाला पत्ता नाही. सगळ्यांचे डोळे मातीतल्या दोन पैलवानांवर. ओरडून सांगावं तर वरचे तीस जण एकदम उड्या मारतील आणि छप्पर खालच्या पोराबाळांवर येईल. गेणू तुळईखाली जाऊन उभा राहिला. हात वर केले. हात हवेतच राहिले.

तेव्हा ठकूने पाटी उलटी केली. तीन दगड, एकावर एक. हात ठेवून तिने ते घट्ट बसवले आणि म्हणाली, “चढा.”

गेणू चढला. आता तुमच्यातले काही जण मनात हिशेब करत असतील. माणूस तीन हातांचा, दगड सगळे मिळून एक हात, वर उचललेले हात धरले तरी पावणेपाचाच्या वर जात नाही. वाकलेली तुळई पावणेसात हातांवर. दोन हात कमी. हिशेब बरोबर आहे. हे दोन हात कुठून आले, ते मला विचारू नका; रायाजीच्या आईला विचारायचं होतं. तिने समोर बसून बघितलं. ती मरेपर्यंत सांगायची : आधी त्याचं धोतर दगडाला टेकत होतं. मग घोटे दिसले. मग पोटऱ्या. मग गुडघे. बंडीच्या शिवणी टर्रटर्र उसवत गेल्या आणि गेणू वाढत गेला. जेवढा कमी होता तेवढाच वाढला, एक बोट जास्त नाही. आणि त्याचे पंजे तुळईला जाऊन लागले.

तुळई थांबली.

तेव्हा कुठे म्हातारीने वर बघितलं. तुळई बघितली, चीर बघितली, आणि खाली उभा असलेला माणूस बघितला. सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “राया! खांब लावू दिला न्हाईस. आता मानूस लावलायस व्हय रं?”

हलगी थांबली. पैलवान एकमेकांना धरून तसेच थांबले. रायाजी म्हणे जागच्या जागी पांढरा पडला. त्याची आई, त्याच्या दोन सुना, तीन नातवंडं, सगळी त्या तुळईखाली होती.

गेणू दात आवळून बोलला. “कुनी उडी मारू नका. खालच्यांनी पोरं उचला. वरच्यांनी येकेक करून उतरा. हळू.”

खालची जागा रिकामी झाली. पण म्हातारी उठेना. “मी उठले तर ह्याच्यासंगं कोन ऱ्हाईल?” म्हणाली आणि पाटावर बसून राहिली. वरून शेलवंडीकर एकेक करून उतरू लागले. प्रत्येक जण उतरला की तुळई हलायची आणि गेणूच्या हातांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगायच्या. शेवटी वर एकच राहिला, शेलवंडीचा भला थोरला हलवाई. तो वरून ओरडला, “थांबा की वो! आदी ह्या दोघांतला येक चीत हूं द्या!”

“अरे भाड्या, उतर!” शेलवंडीच्याच लोकांनी त्याला शिव्या घातल्या. आमच्या गावाने एकही शिवी दिली नाही. पाहुणा होता तो.

सूर्य देवळाच्या मागे जाईपर्यंत गेणू उभा होता, असं म्हणतात. काही जण म्हणतात, एक विडा रंगेपर्यंत. मला पहिलं जास्त आवडतं.

हलवाई उतरला. गावकरी टेकू द्यायला ओंडका घेऊन धावले. तेव्हा गेणूने एक हात काढला. मग दुसरा. तुळई तशीच राहिली. चीर मिटली नाही, वाढलीही नाही. तो दगडांवरून खाली उतरला. उतरताना पुन्हा होता तेवढा झाला, तीन हात. फक्त बंडी उसवलेली.

गेणूने वेशीत सोडलेल्या बैलाच्या दिशेने बघितलं आणि ठकू सवयीने दगड उचलायला वाकली. कारण घर काही कुणी दिलेलं नव्हतं. वरचा दगड तिने धरला, आणि तो निघेना. तिने जोर लावला. निघेना. गेणूने लावला. मग ते मातीत थांबलेले दोन पैलवान आले. त्यांनी लावला. तिन्ही दगड एकमेकांना आणि जमिनीला असे चिकटून बसले होते, जणू चौदा वर्षांची सगळी माती एकदम लागली.

ठकू मागे सरकली. डोळे पुसून म्हणाली, “ह्यांनी जागा धरली. आता मी चूल कशावर मांडू?”

तेव्हा रायाजी गर्दीतून निघाला आणि घराकडे गेला. लोकांना वाटलं, तोंड लपवायला गेला. त्याच्या घरी जत्रेचा स्वयंपाक चालला होता. त्याने चुलीवरचं पातेलं खाली उतरवलं, लाकडं ओढली, आणि पेटत्या चुलीचा एक दगड उपटला. ओल्या गोणपाटात गुंडाळून तो छातीशी धरून आला. गोणपाटातून वाफा येत होत्या.

“ठकूबाई, घ्या,” तो म्हणाला. “जरा तापलाय. गार व्हायला येळ लागंल.”

ठकूने त्याच्याकडे बघितलं. मग पदराचे दोन पदर करून तो घेतला.

दुसरा दगड पाटलांनी आणला. तिसरा बायजाने. ती म्हणाली, “माझी शेळी बांधायला तुमी येवडा मोटा दगड घडवला. मग माझ्याकडनं येवडा बारका चालंल न्हवं?” त्या संध्याकाळी गावाने दिलेल्या देवळामागच्या घरात ठकूने चूल मांडली आणि पहिल्यांदा तिला माती लावली. माती कालवताना तिने पाणी घातलं नाही, लागलंच नाही, असं म्हणतात. जांभळाचा तो खांब त्या घराच्या मधोमध लागला. ओवरीतली जागा रिकामीच राहिली. गेणबा पुढे चाळीस वर्षं गावचा सुतार होता. जन्मलेल्या प्रत्येक पोराचा पाळणा आणि लग्न झालेल्या प्रत्येक पोरीचं पोळपाट त्याच्या हातचं. तो गेला त्या दिवशी तुळईने एकदा आवाज केला. कर्र. मग आजपर्यंत नाही.

ही बघा ती जागा. ही आठ हातांची. हे तीन दगड, आणि वरच्या दगडावर ही पावलांची झीज. खांब मोजा, एक्केचाळीस भरतील. एकदा मोजणीचा साहेब आला होता. त्याने कागदावर एक्केचाळीस लिहिले. गावाने त्याला दगडांवर उभं केलं, हात वर करायला लावले, आणि विचारलं, आता किती? त्याने खोडून बेचाळीस केले. जत्रेच्या दिवशी गावात आलेली प्रत्येक नवी सून, प्रत्येक नवा जावई या दगडांवर उभा राहतो आणि हात वर करतो. कुणाचाच हात तुळईला पोचत नाही. पोचायचा नसतोच. तो फक्त वर करायचा असतो.

आणि दुसरी एक रीत. मोरदऱ्यात कुणीही नवं राहायला आलं, मास्तर असो, कंडक्टर असो, पोटासाठी आलेला कुणी असो, तर त्याचं नाव-गाव-जात विचारायच्या आधी तीन घरांतून तीन दगड त्याच्या दारात जातात. घरात गॅसची शेगडी असलेला ओटा असला तरी जातात. मागच्या वर्षी नर्सबाई आल्या, त्यांनी ते फुलांच्या कुंड्यांखाली ठेवलेत. चालतं. दगड गावातला झाला की माणूस गावातला झाला. शेलवंडीला अशी रीत नाही. आम्ही त्यांना त्याबद्दल कधी हिणवत नाही. फक्त जत्रेत दोन-तीनदा आठवण करून देतो. तिसरा दगड सगळ्यांत गरीब घराचा असतो, दुसरा पाटलांच्या घरचा, आणि पहिला रायाजीच्या घरचा.

आता तुमच्यातला एखादा चाणाक्ष लगेच विचारेल : रायाजीचा वंश बुडाला म्हणालात, मग पहिला दगड देतं कोण?

हां. तेवढंच माझ्या पदरचं.

गेणबा दोन हात वाढला ते खरं. दगड चिकटले ते खरं, उपटून बघा. रायाजीचा वंश मात्र बुडालेला नाही. आडनावही मला पक्कं आठवतं, रोज दारावरच्या पाटीवर वाचून घरात शिरतो. तुमच्यासमोर बसलाय तो त्याच्या सातव्या पिढीचा. नर्सबाईंच्या दारात पहिला दगड मीच ठेवला. चुलते सांगायचे, दगड नेताना आधी तो चुलीशी थोडा तापवून न्यायचा, हाताला कळेल इतका. तसा नेला. माझ्या पोरानेही बघितला कसा न्यायचा तो.

चला, सरका जरा. पाठ टेकू द्या. कौल पडायचं असतं तर मघाशीच पडलं असतं. आणि हा सात हाती खांब, चार बोटांच्या दगडावरचा, तो आमचाच आहे.